दाराच्या फटीतली घरं

आमचे हे दूध घालतात. सगळं गाव त्यांना दूधदादा म्हणतं, मी ‘अहो’ म्हणते. रागावले की तेही म्हणत नाही, नुसती बादली जरा जोरात ठेवते. त्यांना बरोबर कळतं. माणूस साधा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. गावात विचाराल तर सांगतील, दूधदादाच्या तोंडून शब्द निघायची मारामार. आणि घरी? घरी तोंडाला खळ नाही. बायको काय मिळाली, कानच मिळाले जणू त्यांना.

आमच्याकडे पहाटे धुकं असतं. असं धुकं की गोठ्यातून अंगणातली सायकल दिसत नाही, कॅनच्या कड्या वाजल्या की समजायचं हे निघाले. आधी खालची आळी, मग दुकानं, दवाखाना, आणि शेवटी चढावरची जुनी घरं. जाड दगडी भिंती, उंच दारं, खिडक्यांवर वेली चढलेल्या. त्या घरांत दार कधी पुरतं उघडत नाही. दार वीतभर किलकिलं होतं, आतून पातेलं बाहेर येतं, हे माप ओततात, पातेलं आत जातं, दार लागतं. बोलणं झालंच तर ‘उद्या अर्धा लिटर जास्त’. बस.

हे मला आत्ता माहीत आहे. तेव्हा मला वाटायचं, हे आत जातात, बसतात, कुणी चहा विचारतं, ख्यालीखुशाली होते. का नाही वाटणार? हे परत यायचे, हातपाय धुवायचे, आणि मी चुलीपाशी अर्धवट झोपेत दूध तापवत असताना सुरू व्हायचे. “आज डॉक्टरांच्या घरी जिन्याच्या कठड्याला पॉलिश केलंय. हात लावला तर घसरेल असा. जिना वर जातो ना, तो वळतो, आणि वळणावर रंगीत काच आहे. ऊन आलं की पायऱ्यांवर लाल-निळं सांडतं.” किंवा, “घड्याळवाल्यांकडे भिंतभर घड्याळं आहेत, सगळी वेगळी वेळ दाखवतात.” मी म्हणायची, मग त्यांना वाजले किती ते कळतं कसं? हे म्हणायचे, त्यांना घाई नसते.

मी काही तिकडे कधी गेले नाही. दावणीला गाई असल्या की बाईला पाय नसतात. दोन वेळची धार, वैरण, शेण, मध्येच एखादीचं पोट फुगतं, एखादी व्यायला होते आणि नेमकी मी केस धुवायला बसले असतानाच होते. दुकान आणि दवाखाना, एवढंच माझं जग. पण डोळे मिटले की मी त्या घरांतून फिरायची. कुठल्या खोलीतून कुठल्या खोलीत दार आहे हे मला पाठ होतं. दूध उतू जायचं आणि मी रंगीत काचेखाली उभी असायची.

आणि वरचं घर. चढ संपतो तिथे, गावातलं शेवटचं.

आम्हाला मूल झालं नाही. लग्नाला काही वर्षं झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी एकदाचं सांगून टाकलं, आशा ठेवू नका. चांगली बाई, माझा हात हातात घेऊन सांगितलं तिनं. मी रडले नाही. मी चिडले. गाईंवर, बादल्यांवर, पावसावर, यांच्यावर तर फारच. हे काही बोलले की मी फाडकन बोलायची, नाही बोलले तर म्हणायची, दातखीळ बसली का? घरात नुसती आदळआपट. अशात एका सकाळी हे आले, सायकल लावली, आणि म्हणाले, “वरच्या घरात आज एक छोटी मुलगी होती.”

मी चुलीतलं लाकूड पुढे सारलं.

“पातेलं तिनंच धरलं होतं. दोन्ही हातांनी. थोडं सांडलं.”

“ओरडलात का तिला?” मी विचारलं.

“छे. मी आणखी ओतलं.”

“केवढी आहे?”

यांनी गुडघ्याच्या जरा वर हात धरला. “एवढी.”

त्या दिवशी मी बादली हळू ठेवली.

मग ती रोज दिसायची असं नाही, पण दिसायची. तिचे पुढचे दात पडले. तिचं मांजराशी भांडण झालं आणि मांजर जिंकलं. तिला गोवर आला तेव्हा माझ्या घशाखाली घास उतरेना. मी लोकरीची टोपी विणली तिच्यासाठी, तर हे म्हणाले, “नको गं, मोठ्या घरची माणसं, त्यांना आवडायचं नाही.” कसलं मोठं घर! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. टोपी मी रागानं वासराला घातली, आणि त्यानं ती खाल्ली. मग पोरीला चष्मा लागला. गणितात नापास झाली, तर हे इतका तिचा कैवार घेऊन बोलायला लागले की मीच म्हटलं, अहो, जरा दटावायला नको का कुणी? मग ती शिकायला गेली, मग नोकरीला लागली. लांब. “पण वरची तिची खोली तशीच ठेवलीये,” हे म्हणायचे. “निळी भिंत, खिडकीपाशी टेबल, पुस्तकं. रोज पुसतात.” ती गेल्यावर घर मला सुनं सुनं वाटायचं. माझं नव्हे हो, ते वरचं.

तर असं सगळं चाललेलं, आणि मास्तरीणबाई आल्या.

मास्तरीणबाई म्हणजे शाळेतून निवृत्त झाल्या, पण शाळा त्यांच्यातून झाली नाही. आमच्या दवाखान्याला गाडी नव्हती. रात्री-अपरात्री कुणाला मोठ्या दवाखान्यात न्यायचं तर ट्रॅक्टर शोधा. म्हणून बाईंच्या डोक्यात आलं की एका रविवारी चढावरची जुनी घरं लोकांना दाखवायला उघडायची, बाहेरगावाहून माणसं बोलवायची, तिकीट लावायचं, आणि येईल ते गाडीसाठी. घरवाल्यांना त्यांनी कसं तयार केलं देव जाणे. अर्धे तर त्यांचेच विद्यार्थी, नाही म्हणायची कुणाची छाती आहे?

“घरं दाखवायला माहितगार माणूस हवा,” त्या आमच्या अंगणात उभ्या राहून म्हणाल्या. “आणि दूधदादा, तुमच्याइतकं त्या घरांत कोण गेलंय? वर्षानुवर्षं, रोज!”

यांनी तोंड उघडलं. मिटलं. परत उघडलं.

“करतील की!” मी मधेच म्हटलं. “त्यांना खोली न् खोली माहीत आहे.” मला आभाळ ठेंगणं झालं होतं. आणि मी लगेच हेही ठरवून टाकलं की त्या रविवारी शेजारीण गाई बघेल आणि मी जाईन. जिने, काचा, घड्याळं बघायची होतीच, पण खरं सांगायचं तर मला एकच गोष्ट बघायची होती. तिची खोली. त्या टेबलावर हात ठेवून यायचं, एवढंच.

हे मात्र दिवसेंदिवस गप्प होत गेले. मला वाटलं, चार लोकांत बोलायचं म्हणून बिचारे धास्तावले असतील. शनिवारी संध्याकाळी मी ठेवणीतले कपडे काढून झटकत होते, हे कॅन धूत होते. धुतलेलाच कॅन परत धूत होते.

“अगं,” हे म्हणाले, “मी आत कधी गेलोच नाही.”

“कुठे आत?”

“त्या घरांत. कुठल्याच.”

आणि मग सांगितलं. सासऱ्यांनी सायकल हातात देतानाच बजावलं होतं, दूध घालणाऱ्यानं उंबऱ्याच्या आत पाय टाकायचा नाही. आज आत गेलास की उद्या चमचा हरवला तरी नाव तुझं. हे कधी गेले नाहीत. दार उघडतं तेवढ्या फटीतून जे दिसेल ते बघायचं आणि चढ उतरताना बाकीचं मनात बांधायचं.

“मग जिना?”

“कठडा दिसतो. थोडासा.”

“आणि रंगीत काच?”

“एकदा जमिनीवर लाल उजेड पडला होता.”

“घड्याळं?”

“टिकटिक ऐकू येते.”

कपाळ माझं! माझा असा संताप झाला की विचारू नका. इतकी वर्षं या माणसानं मला ज्या घरांतून हिंडवलं, ती याच्या डोक्यात होती! मी काय काय बोलले ते इथे सांगत नाही. गोठ्यातल्या गाईसुद्धा माना वळवून बघायला लागल्या. “आणि उद्या काय सांगणार लोकांना? फजिती होईल, हसतील सगळे! बाईंना तेव्हाच का नाही सांगितलंत?”

“तू किती खूश होतीस,” हे म्हणाले.

मी खाली बसले. कपडे मांडीवर तसेच. मग त्यांच्या घड्या घालता घालता मी विचारलं, “आणि ती?”

यांनी कॅनमध्ये पाणी ओतलं, खळखळवलं, फेकलं. माझ्याकडे बघितलं नाही.

“ती आहे,” हे म्हणाले.

बस, मला तेवढंच हवं होतं. जिना नसेना का. ती आहे ना? मी ते वाक्य धरून झोपले.

रविवारी धुकं हटलंच नाही. दहा वाजले तरी चढ पांढरा, माणसं अशी की आवाज आधी यायचा आणि मग माणूस. बाहेरगावचे बरेच लोक आले होते, कॅमेरे, टोप्या, एका बाईंच्या हातात उगाच छत्री. मला सगळंच झोपेतल्यासारखं वाटत होतं. माझ्या पायांना चढाची सवय नाही, पण त्या दिवशी जमीन पायांखालून आपोआप सरकत होती.

डॉक्टरांच्या घराचं दार चांगलं सताड उघडलं होतं. हे उंबऱ्यापर्यंत गेले आणि थांबले. जागच्या जागी. मागून माणसं येऊन थडकली तरी हलेनात. एवढ्या वर्षांची सवय, पायच उचलेना. मास्तरीणबाईंना वाटलं, हे बाहेर उभे राहून माहिती देणार आहेत. “सांगा,” त्या म्हणाल्या, “शांतपणे ऐका सगळे.”

आणि यांनी सांगितलं. मला सांगायचे तसंच, माझ्याकडे बघत. पॉलिश केलेला कठडा, वर जाणारा जिना, वळणावरची काच, पायऱ्यांवर सांडलेलं लाल-निळं. लोक गुंग. मग सगळे आत गेले, यांना मास्तरीणबाईंनी पाठीला हात लावून आत घेतलं, आणि बघतो तर कठडा होता, चकचकीत होता, पण जिना खाली जात होता. तळघरात. तिथे कोळसा आणि एक मोडका पाळणा.

मग डॉक्टरीणबाईच खो खो हसायला लागल्या. “अहो दूधदादा, मला तुमचाच जिना हवाय!” आणि सगळे हसले. पण कुजकट नव्हे. छत्रीवाल्या बाई म्हणाल्या, पुढच्या घरीही आधी बाहेरूनच सांगा हं, आम्हाला दोन्ही बघायचंय. घड्याळवाल्यांकडे तर लोक उंबऱ्यापाशी दाटीवाटीनं उभे राहिले. आत घड्याळ निघालं एकच, ढेरपोटं, भलंमोठं, बाकी भिंतीला आरसे. घड्याळवाले म्हणाले, बरोबरच आहे त्यांचं, आरशांत घड्याळंच घड्याळं दिसतात. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मास्तरीणबाईंचा चेहरा असा फुलला होता, जणू हे सगळं त्यांनीच आधी ठरवलं होतं.

फजितीतून हे असे सुटले. खरं तर मी सुटकेचा निःश्वास टाकायला हवा होता. पण यांच्या चेहऱ्यावर रंग नव्हता. वरच्या घराचा चढ लागला तसे हे माझ्या बाजूला आले आणि हळूच म्हणाले, “वरचं राहू दे. तुझे पाय दुखले असतील.”

“माझे पाय माझ्यापाशी आहेत,” मी म्हटलं, आणि पुढे चालायला लागले.

वरच्या घरात एकटे काका राहतात. आयुष्यभर जमिनी मोजायची नोकरी केली, लग्न केलं नाही, हे मला नंतर कळलं. आम्ही येणार हे माहीत असूनही त्यांनी दार वीतभरच उघडलं, मग भानावर आल्यासारखं पुरतं उघडलं. हे बाहेर उभे राहून लोकांना काहीतरी सांगायला लागले, आवाज तुटत होता. मी थांबले नाही. मी काकांच्या बाजूनं आत शिरले. जिना समोरच होता आणि तो वर जात होता. इथला जिना खरा आहे, मी मनात म्हटलं, म्हणजे सगळं खरं आहे. वर एकच खोली. दार ढकललं.

खिडकी होती. खिडकीत धुकं होतं. बाकी पोती, ट्रंका, पाय मोडलेल्या खुर्च्या, भुईवर पसरलेले कांदे, आणि भिंत कधीकाळी पांढरी असलेली. धूळ इतकी की माझ्या पावलांचे ठसे उमटले. त्याच्या आधी कुणाचेच नव्हते.

काका मागोमाग आले. “वहिनी, इथे बघण्यासारखं काही नाही. पहिल्यापासून अडगळ आहे ही.”

“कुणी राहायचं नाही इथे?”

“कोण राहणार? आम्ही घरात कायम मोठीच माणसं. आधी आईवडील आणि मी, आता मी.”

मी खिडकीपाशी गेले. धुकं जरा विरळ झालं होतं आणि खाली आमचा गोठा दिसत होता, आमचं अंगण, वाळत घातलेलं फडकं. माझ्या छातीत असं दुखलं, तिला गोवर आला होता तेव्हाही एवढं दुखलं नव्हतं. माझी मुलगी गेली. असंच वाटलं मला, दुसरं काही नाही. आणि यांच्यावर रागवायचं म्हटलं तर राग येईना. कारण वरच्या घरी भांडी घासणारी बाई रोज संध्याकाळी माझ्याच दारातून दूध नेते. इतकी वर्षं. पाऊसपाण्याचं बोललो, तिच्या सुनेचं बोललो, माझ्या गुडघ्यांचं बोललो. तिच्या मालकांच्या मुलीबद्दल मी तिला एका शब्दानं कधी विचारलं नाही. का नाही विचारलं? मला मेलीला काय कळत नव्हतं?

जिन्यावर पावलं वाजली. सगळी मंडळी वर आली, दारात दाटली. हे सगळ्यांच्या मागे होते. लोकांनी वाट दिली तसे पुढे आले, उंबऱ्याच्या पलीकडे उभे राहिले, आणि माझ्याकडे असं बघितलं की मला ते फार थकलेले, फार म्हातारे वाटले.

“आणि ही खोली?” छत्रीवाल्या बाईंनी यांना विचारलं. “हिचं सांगा ना. ही कुणाची?”

लोक वाट बघतायत. काका बोलायला पुढे सरसावले, “ही काय, अडगळीची...”

“ही मुलीची खोली,” मी म्हटलं.

काका थांबले. मास्तरीणबाईंनी माझ्याकडे बघितलं. आम्हाला मूल झालं नाही, ते सगळं त्यांना माहीत. त्यांनी चष्मा काढला आणि पदराला पुसत बसल्या.

“ही भिंत निळी होती,” मी म्हटलं. “इथे टेबल. खिडकीपाशी, म्हणजे तिला आमचा गोठा दिसायचा. अभ्यास करायची सोडून गाई मोजत बसायची, म्हणून गणितात नापास झाली.” हे यांनी मला कधी सांगितलं नव्हतं. माझ्या तोंडून आपसूक आलं. काकांनी कांद्यांतून वाट काढत एक धड खुर्ची ओढली, फडक्यानं पुसली आणि खिडकीपाशी ठेवली.

“आता कुठे असते?” छत्रीवाल्या बाईंनी विचारलं, यांनाच, सवयीनं.

आमच्या ह्यांनी खाली उंबऱ्याकडे बघितलं. मग पाय उचलला आणि आत आले. कुणी पाठीला हात लावला नाही, आपले आपण आले, कांदे तुडवत, माझ्या शेजारी येऊन उभे राहिले.

“हिला विचारा,” हे म्हणाले. “ही तिची आई आहे.”

मी खुर्चीवर बसले आणि सांगायला लागले.